गव्हाच्या राज्यातील मतपेटी

आपल्या धर्मग्रामांतील बहुतेकांनी ‘कॅन्सस’ हे नाव प्रथम ऐकले ते फेब्रुवारी २०१७ मध्ये. ओलाथा या शहरातील एका बारमध्ये एका माथेफिरूने दोन भारतीय अभियंत्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात एकाचा मृत्यू झाला आणि त्यांना वाचवण्यासाठी मध्ये पडलेला एक स्थानिक तरुणही जखमी झाला. त्या बातमीनंतर हे राज्य पुन्हा आपल्या विस्मरणात गेले. मात्र ज्यांची मुले-मुली नोकरीनिमित्त त्या भागात राहतात, त्यांना ते विसरता येत नाही. अशाच एका दांपत्याने रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हांला एक प्रश्न विचारला : “फादर, आम्ही मुलाकडे सहा महिने राहून आलो. तेथे दर रविवारी चर्च भरलेले असते, लोक देवभीरू आहेत, निवडणुकीत नेहमी रिपब्लिकन पक्षालाच निवडून देतात. मग गर्भपाताच्या सार्वमतात त्यांनी असे मत कसे दिले?”

आम्ही तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते, याची रुखरुख लागून राहिली, म्हणून हा लेख.

प्रश्न रास्त होता. कॅन्सस १८६१ साली अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाले. १८६४ पासून २०२४ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदाच्या ४१ निवडणुका झाल्या. त्यांपैकी ३४ वेळा या राज्याने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. १९६४ नंतर तर एकदाही डेमोक्रॅट उमेदवार तेथे जिंकलेला नाही. अमेरिकन सिनेटवर कॅन्ससने शेवटचा डेमोक्रॅट निवडून पाठवला तो १९३२ साली. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना येथे सुमारे ५६ टक्के मते मिळाली, तर २०२४ मध्ये ५७ टक्के. या दोन निवडणुकांच्या मध्ये, २ ऑगस्ट २०२२ रोजी, राज्यघटनेतून गर्भपाताच्या हक्काचे संरक्षण काढून टाकणारी दुरुस्ती मतदारांपुढे आली आणि ५९ टक्के मतदारांनी ती फेटाळली. दुरुस्तीच्या बाजूने सुमारे ३ लाख ७८ हजार मते पडली, विरोधात ५ लाख ४३ हजारांहून अधिक. डेमोक्रॅट पक्षाच्या पाठीराख्यांच्या एकट्याच्या बळावर कॅन्ससमध्ये एवढी मते पडूच शकत नाहीत.

हे कोडे उलगडायचे तर आधी भूमी पाहिली पाहिजे. क्षेत्रफळाने हे राज्य महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे, परंतु २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या तीस लाखांच्या आतच आहे. राज्याचे १०५ विभाग आहेत. त्यांना तेथे काउंटी म्हणतात, आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्यांच्या मधले काहीतरी. पश्चिमेकडे क्षितिजापर्यंत गहू, ज्वारी आणि गुरांचे कळप. त्या भागातील अनेक काउंट्यांची लोकसंख्या शंभर वर्षांपूर्वी आजच्याहून अधिक होती. ईशान्येच्या कोपऱ्यातील जॉन्सन काउंटीत मात्र सहा लाखांहून अधिक माणसे राहतात. ओलाथा आणि ओव्हरलँड पार्क ही शहरे तेथलीच. म्हणजे ‘ग्रामीण राज्य’ म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या मतपेटीतील मोठा वाटा आज उपनगरांतून येतो.

या राज्याचा जन्मच एका मतदानाच्या वादातून झाला. १८५४ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की, कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील वसाहतकऱ्यांनीच ठरवावे. कागदावर हे लोकशाहीचे परम सूत्र वाटते. प्रत्यक्षात काय घडले? फेब्रुवारी १८५५ मधील शिरगणतीत पात्र मतदार भरले २,९०५. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, तेव्हा मते पडली ६,३०७! शेजारच्या मिसुरी राज्यातून गुलामगिरीचे समर्थक बंदुका घेऊन, गाड्या भरभरून आले, मते टाकली आणि परत गेले. बोगस मतदान हे काही आपल्याच देशाचे वैशिष्ट्य नव्हे. त्या निवडणुकीतून जे विधिमंडळ उभे राहिले, त्याला विरोधकांनी ‘बोगस’ हेच नाव दिले. पुढे मे १८५६ मध्ये लॉरेन्स हे गुलामगिरीविरोधकांचे शहर लुटले गेले, काही दिवसांतच जॉन ब्राऊन आणि त्याच्या साथीदारांनी पाच जणांना घरांतून ओढून ठार केले, आणि या प्रदेशाला ‘रक्तबंबाळ कॅन्सस’ म्हणू लागले. अखेर २९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस हे गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघात आले.

लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष या संघर्षातूनच वाढला. यादवी युद्धानंतर ज्या सैनिकांनी येथे जमिनी कसायला घेतल्या, त्यांच्या लेखी रिपब्लिकन पक्षाला मत देणे म्हणजे रणांगणावरील मित्रांशी इमान राखणे होते. हा पक्ष तेव्हा पुराणमतवादी नव्हता. तो सुधारकांचा, उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट पंथीयांचा आणि मद्यपानाला पाप मानणाऱ्यांचा पक्ष होता. पक्षाचे नाव तेच राहिले, आशय बदलत गेला. कॅन्ससच्या दीडशे वर्षांच्या मतदानाकडे केवळ नावावरून पाहणारा येथेच फसतो.

या निष्ठेला पहिला तडा गेला तो १८९० साली. रेल्वेच्या जाहिरातींना भुलून शेतकरी पश्चिमेकडे सरकले होते. काही वर्षे पाऊस बरा झाला, जमिनीचे भाव चढले, कर्जे सढळ हाताने मिळाली. १८८७ च्या सुमारास अवर्षण आले आणि धान्याचे भाव कोसळले, परंतु गहाणखताचे व्याज आणि रेल्वेचे भाडे मात्र उतरले नाही. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना याहून अधिक सांगायला नको. या असंतोषातून ‘पीपल्स पार्टी’ म्हणजे जनतेचा पक्ष उभा राहिला. त्याच्या व्यासपीठांवर सर्वांत गाजलेली वक्ती होती मेरी एलिझाबेथ लीज. ती आयरिश कॅथोलिक घराण्यात जन्मली आणि ओसेज मिशन येथील कॅथोलिक शाळेत शिकवण्यासाठी कॅन्ससमध्ये आली. दुसरा होता जेरी सिम्पसन. प्रतिस्पर्ध्याच्या रेशमी मोज्यांची त्याने टवाळी केली, तेव्हा विरोधी वृत्तपत्राने त्यालाच ‘बिनमोज्यांचा’ ठरवले. त्याने ते नाव बिरुदासारखे मिरवले आणि तो काँग्रेसवर निवडून गेला. त्या वर्षी कॅन्ससच्या सात जागांपैकी पाच या नव्या पक्षाने जिंकल्या. १८९२ साली राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याच पक्षाच्या उमेदवाराला कौल दिला आणि गव्हर्नरही त्याचाच निवडला. १८९३ मध्ये तर बहुमत कोणाचे यावरून टोपेका येथील विधानगृहाचे दार रिपब्लिकन सदस्यांनी घणाने फोडून आत प्रवेश केला!

१८९६ च्या ऑगस्टमध्ये एम्पोरिया गावच्या विल्यम ॲलन व्हाइट या तरुण संपादकाने ‘कॅन्ससला झाले आहे तरी काय?’ असा सवाल करणारा अग्रलेख लिहिला आणि या शेतकरी चळवळीची यथेच्छ खिल्ली उडवली. तोच मथळा घेऊन १०८ वर्षांनी, २००४ साली, थॉमस फ्रँक यांनी एक पुस्तक लिहिले. मात्र त्यांची तक्रार नेमकी उलटी होती : एके काळी सावकार आणि रेल्वे कंपन्यांविरुद्ध उठलेला हा गरीब शेतकरी-कामगार आता धर्म आणि संस्कृतीच्या प्रश्नांवर श्रीमंतांच्या पक्षाला मत देऊन आपलेच नुकसान का करून घेतो? या पुस्तकाने अमेरिकेत मोठी चर्चा घडवली. त्यातील आर्थिक वर्णन बरेचसे खरे आहे. परंतु गर्भातील जिवाविषयी एखाद्याला वाटणारी कळकळ ही जणू कोणीतरी त्याच्यावर केलेली जादू आहे, असे गृहीत धरून चालणे आम्हांला पटत नाही. माणूस केवळ खिशासाठी मत देतो, असे मानण्यात त्या माणसाचा अवमान आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे तेथील कॅथोलिकांकडे वळू.

या भूमीत ख्रिस्तसभा राज्याच्या आधी पोहोचली. जेसुइट धर्मगुरूंनी ओसेज आणि पोटावाटोमी या आदिवासींमध्ये १८४० च्या दशकात केंद्रे उघडली होती. पुढे संतपदाला पोहोचलेल्या सिस्टर रोझ फिलिपीन दुशेन याही १८४१ मध्ये शुगर क्रीक येथे येऊन राहिल्या होत्या. परंतु मतदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले ते १८७६ मध्ये एलिस काउंटीत आलेले जर्मनभाषिक कॅथोलिक. त्यांचे पूर्वज राणी कॅथरिनच्या निमंत्रणावरून रशियात व्होल्गा नदीकाठी जाऊन वसले होते. रशियाने दिलेली लष्करसेवेची सूट काढून घेतली, तेव्हा वंशज पुन्हा बोचकी बांधून निघाले आणि कॅन्ससच्या माळावर उतरले. कॅथरिन, मुंजोर, फायफर, शोएनखेन ही त्यांची गावे. व्हिक्टोरिया या गावी त्यांनी १९०८ ते १९११ या काळात स्वतः दगड वाहून संत फिडेलिस यांचे भव्य चर्च बांधले. ‘माळरानावरील कॅथेड्रल’ म्हणून ते ओळखले जाते आणि २०१४ मध्ये त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

हे लोक वृत्तीने सनातनी होते. शेती, मोठे कुटुंब, रविवारची मिस्सा, वडीलधाऱ्यांचा मान. तरीही त्यांनी दीर्घकाळ डेमोक्रॅट पक्षाला मत दिले. कारण काय? कारण होते बिअर! कॅन्ससने १८८० साली राज्यघटनेतच दारूबंदी घातली. १८८१ पासून ती अमलात आली आणि १९४८ पर्यंत टिकली. (कॅन्ससने बंदी उठवली आणि पुढच्याच वर्षी आपल्या मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, हा इतिहासाचा गमतीदार योगायोग.) मेडिसिन लॉज गावची कॅरी नेशन हातात कुऱ्हाड घेऊन गुत्ते फोडत हिंडे, ती याच राज्यात. प्रॉटेस्टंट सुधारकांच्या दृष्टीने हा आत्म्याच्या तारणाचा प्रश्न होता. जर्मन कॅथोलिकाच्या दृष्टीने मात्र, लग्नाच्या मांडवात आणि रविवारच्या जेवणावर पूर्वापार चालत आलेल्या पेल्यात सरकारने नाक खुपसण्याचे काही कारण नव्हते. जो पक्ष त्याच्या घरात डोकावत होता, त्याला त्याने मत दिले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडेल.

शिवाय तो पक्ष कॅथोलिकांना आपले मानायला तयार नव्हता. १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना कॅन्ससमध्ये फोफावली. कॅथोलिकांची खरी निष्ठा रोमशी, हा तिचा मुख्य आक्षेप. लिबर्टी नावाच्या लहानशा गावच्या कॅथोलिक नगराध्यक्षाने आपल्या मालकीचे सभागृह सभेसाठी नाकारले, म्हणून १९२२ मध्ये त्याला पळवून नेऊन चाबकाने फोडून काढण्यात आले. येथे तो एम्पोरियाचा संपादक व्हाइट पुन्हा भेटतो. १९२४ साली क्लॅनला उघड विरोध करण्यासाठी तो गव्हर्नरपदाला अपक्ष उभा राहिला. तो पडला, परंतु बोलायचे ते बोलून गेला. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लॅनच्या कारभारावर बंदी घातली. तरुणपणी शेतकऱ्यांना हिणवणाऱ्या या माणसाविषयी आमच्या मनात जो आदर आहे, तो या दुसऱ्या कृतीमुळे.

१९२८ साली आल्फ्रेड स्मिथ हे एका मोठ्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे पहिले कॅथोलिक उमेदवार ठरले. कॅन्ससने त्यांना सपशेल झिडकारले. एलिस काउंटी मात्र स्मिथ यांच्या पाठीशी उभी राहिली. १९६० साली केनेडींच्या वेळी हेच चित्र : राज्यात निक्सन यांना साठ टक्के मते, आणि एलिसमध्ये केनेडी विजयी. आग्नेयेकडील कोळशाच्या खाणींत काम करणारे इटालियन व स्लाव्ह मजूर, पूर्वेकडील वायनडॉट काउंटीतील कत्तलखान्यांचे कामगार यांच्यातही कॅथोलिकांचा भरणा मोठा आणि त्यांचा कल डेमोक्रॅट पक्षाकडे. खाणींच्या क्रॉफर्ड काउंटीने तर १९१२ मध्ये समाजवादी उमेदवार युजीन डेब्स यांना पहिल्या क्रमांकाची मते दिली होती.

मग हा कॅथोलिक मतदार दुसरीकडे केव्हा गेला? एका दिवसात नव्हे. दारूबंदी संपली, रोमविषयीचा संशय ओसरला, आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरवले. पुढच्याच वर्षी रसेल गावचे बॉब डोल यांची सिनेटची जागा धोक्यात आली, तेव्हा हा प्रश्न प्रचारात उतरला आणि ते थोडक्या फरकाने वाचले. निर्णायक वळण १९९१ च्या उन्हाळ्यात आले. विचिटा शहरातील गर्भपात केंद्रांसमोर सहा आठवडे धरणे धरण्यात आले आणि दोन हजारांहून अधिक अटका झाल्या. ज्या प्रॉटेस्टंटांच्या आजोबांनी कॅथोलिकांच्या आजोबांचा द्वेष केला होता, त्यांचे नातू-पणतू तेथे खांद्याला खांदा लावून जपमाळ आणि बायबल हाती घेऊन बसले. नंतर तेच लोक रिपब्लिकन पक्षाच्या गावपातळीवरील समित्यांत निवडून आले आणि मवाळ नेत्यांना मागे सारू लागले. तेव्हापासून कॅन्ससमध्ये दोन नव्हे तर तीन पक्ष आहेत असे म्हटले जाते : डेमोक्रॅट, मवाळ रिपब्लिकन आणि कडवे रिपब्लिकन. येथील बहुतेक अनपेक्षित निकाल मवाळ रिपब्लिकन कोणाकडे झुकले यावरून लागतात.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवता कामा नये. विचिटातील त्या केंद्राच्या डॉक्टरांचा ३१ मे २००९ रोजी, रविवारी, त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये खून करण्यात आला. जीवनाच्या पावित्र्याचे नाव घेऊन केलेला खून हा खूनच होय.

दोन कॅथोलिक गव्हर्नरांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. कॅथलीन सिबिलियस डेमोक्रॅट, २००३ ते २००९ पर्यंत गव्हर्नर. गर्भपाताच्या बाबतीत त्यांची भूमिका ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविरुद्ध होती, म्हणून २००८ मध्ये आर्चबिशप नॉमन यांनी त्यांना पवित्र कम्युनियन न स्वीकारण्यास सांगितले. सॅम ब्राउनबॅक रिपब्लिकन, २००२ मध्ये कॅथोलिक झालेले, २०११ पासून गव्हर्नर. जीवनरक्षणाच्या प्रश्नावर त्यांची निष्ठा वादातीत. परंतु २०१२ मध्ये त्यांनी प्राप्तिकरात मोठी कपात केली, तिजोरीला भगदाड पडले, शाळा आणि रस्त्यांच्या पैशांची ओढाताण झाली. अखेर २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या अनेक आमदारांनी विरोधकांना साथ दिली आणि गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून ती कपात रद्द केली. पुढच्या वर्षी डेमोक्रॅट लॉरा केली गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. यावरून दिसते की, कॅन्ससचा मतदार कर कमी करणाऱ्यावर खूश असतो, पण मुलाच्या शाळेला झळ लागली की तोच मतदार उठून बसतो.

आता २०२२ कडे येऊ. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की, राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क अंतर्भूत आहे. तो निर्णय निष्प्रभ करणारी दुरुस्ती विधिमंडळाने मांडली आणि मतदान ठेवले ऑगस्टमध्ये, पक्षांतर्गत निवडणुकीच्या दिवशी. त्या दिवशी एरवी अपक्ष मतदार फिरकत नाहीत. राज्यातील चारही धर्मप्रांतांनी दुरुस्तीला मनापासून पाठिंबा दिला. मात्र मतदानाला पाच-सहा आठवडे उरले असताना, २४ जून रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निर्णय रद्द केला. तोवर जो प्रश्न तात्त्विक वाटत होता तो एकाएकी प्रत्यक्ष झाला. उन्हाळ्याच्या कडक उन्हात नऊ लाखांहून अधिक लोक मतदानाला आले.

विरोधकांच्या जाहिराती पाहण्यासारख्या होत्या. त्यांत स्त्रीमुक्तीची भाषा थोडी आणि ‘सरकारी सक्ती नको’ ही भाषा जास्त होती. करोनाच्या काळातील मुखपट्टीच्या सक्तीची आठवणही करून देण्यात आली. म्हणजे करांविरुद्ध, बंदूक-परवान्यांविरुद्ध ग्रामीण रिपब्लिकन मतदार ज्या भाषेत बोलतो, तीच भाषा त्याच्यापुढे ठेवण्यात आली. बिअरच्या पेल्यात नाक खुपसणाऱ्या सरकारला एलिस काउंटीतील जर्मन शेतकऱ्याने जे उत्तर दिले होते, ते वाचकांना येथे आठवेल. जॉन्सन काउंटीत दुरुस्तीविरुद्ध प्रचंड मतदान झाले. याच काउंटीने २०२० मध्ये, १९१६ नंतर प्रथमच, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला कौल दिला होता. परंतु ट्रम्प यांना निवडणाऱ्या कित्येक काउंट्यांतही दुरुस्ती हरली. विचिटा शहराची सेजविक काउंटी त्यांपैकीच एक.

आमचे मत विचाराल तर, हा निकाल आम्हांला क्लेशदायक वाटला आणि आजही वाटतो. गर्भातील बालकाच्या जगण्याचा हक्क बहुमताने ठरत नाही. परंतु निकालाचा दोष केवळ माध्यमांवर किंवा पैशांवर ढकलून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. खर्च दोन्ही बाजूंनी भरपूर झाला. रविवारी मिस्साला येणारे सर्व जण मंगळवारी एकाच बाजूला मत देतील, हा हिशेब कॅन्ससमध्ये १९२८ साली खरा ठरला, कारण तेव्हा ते एकत्र राबत होते, एका भाषेत प्रार्थना करत होते आणि बाहेरून त्यांचा छळ होत होता. उपनगरातल्या कॅथोलिकाला यांतले काहीही लागू नाही. त्याला कायद्याची बाजू सांगण्याआधी, अडचणीत सापडलेल्या मातेपाशी धर्मग्राम उभा राहतो की नाही, हे तो पाहतो.

नैर्ऋत्येकडील डॉज सिटी आणि गार्डन सिटी येथील मांसप्रक्रिया कारखान्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले हजारो कामगार आहेत. त्या धर्मप्रांताची चर्चे आज स्पॅनिश मिस्सांनी भरतात. परंतु पुष्कळांना अद्याप नागरिकत्व नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्यातही मतदान कमी होते. २०१८ साली डॉज सिटीतील एकमेव मतदान केंद्र शहराच्या हद्दीबाहेर हलवण्यात आले, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. उद्याच्या कॅन्ससचे कॅथोलिक मत कोठे जाईल, हे बव्हंशी हे लोक ठरवतील.

नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच मतदारांनी लॉरा केली यांना अल्प मताधिक्याने पुन्हा गव्हर्नर केले आणि त्याच दिवशी सिनेटवर रिपब्लिकन जेरी मोरन यांना मोठ्या फरकाने धाडले. आता वादाचे केंद्र न्यायालयाकडे सरकले आहे. १९५७ च्या जानेवारीत तेथे एक विलक्षण प्रकार घडला होता. गव्हर्नर फ्रेड हॉल आपल्याच पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत हरले होते. सरन्यायाधीशांनी राजीनामा दिला, पाठोपाठ हॉल यांनी गव्हर्नरपद सोडले, आणि अवघे अकरा दिवस गव्हर्नर झालेल्या उपगव्हर्नरांनी हॉल यांनाच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नेमले! संतापलेल्या मतदारांनी १९५८ मध्ये घटनादुरुस्ती करून, समितीने सुचवलेल्या नावांतूनच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नेमण्याची पद्धत आणली. २०१९ चा निर्णय याच पद्धतीने नेमलेल्या न्यायालयाने दिला. हे न्यायमूर्ती थेट मतदारांनी निवडावेत, असा प्रस्ताव विधिमंडळाने २०२५ मध्ये संमत केला आणि त्यावरील सार्वमतासाठी पुन्हा ऑगस्ट महिनाच निवडला : ४ ऑगस्ट २०२६.